केशवच्या कपाळावरचं पाणी

१० जानेवारी १९३४
शेजारच्या सुभद्रावहिनींचा केशव तापाने फणफणलाय. दहा महिन्यांचं पोर, छाती भात्यासारखी उडते. त्याचे वडील, वामनभावोजी, मचवा घेऊन मुंबईकडे गेलेले. घरात वहिनी आणि सासू, दोघीच. संध्याकाळची माळेची प्रार्थना, तेर्स, आटोपला, तशी दोन घरांमधल्या दगडी गडग्याच्या खिंडीतून पलीकडे गेले. वहिनी पोराला मांडीवर घेऊन बसलेली. म्हणाली, "याचा पन तसाच होनार काय ओ?" तिची आधीची दोन अशीच गेली. दोन्ही अंगावर पिणारी. मी म्हटलं, असं बोलू नये.
घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, डॉक्टर उद्या येतो म्हणालाय. उद्यापर्यंत...

११ जानेवारी
दुपारी हाक आली. केशव निळा पडलेला, डोळे वर. वहिनी तशीच अनवाणी भगवतीच्या देवळाच्या वाटेला निघालेली, सासू तिला अंगणात धरून होती. मी डॉक्टरकडे धावले. पोराजवळ माझ्या फिलूला बसवून गेले. दहा वर्षांची आहे, समज आहे. सांगितलं, इथून हलू नकोस.
डॉक्टरने सुई टोचली, शेकायला सांगितलं. पोराचे केस ओले होते. कुणी कपाळ पुसलं असेल.
सासूने नवस बोलला. वाचला तर जावळ भगवतीच्या दारात.

१४ जाने., रविवार
ताप उतरला! केशवने दूध ओढलं. वहिनी खिंडीत उभी राहून रडली नि हसली, दोन्ही एकदम.
चर्चमधल्या मिसानंतर मुलांचं दोत्रीन घेतलं. फादर थकलेत म्हणून धर्माचे धडे माझ्याकडे. आज कुणाचंच पाठांतर धड नव्हतं. फिलूचं मात्र चोख, आणि सारखी आपली गालात हसत होती.

२० जाने.
हे कागदावर येऊ नये असं वाटतं. तरी लिहिते.
तेर्स संपला. नेहमीप्रमाणे आमच्या मिंगेलसाठी एक प्रार्थना झाली. बाप्तिस्मा झाल्यावर आठवड्यात गेला तो. फिलूला तो आठवत नाही, पण भाऊ देवदूत झालाय हे मी तिला पाळण्यापासून सांगत आले. गुडघ्यावरून उठता उठता ती म्हणाली,
"माय, केशव दोत्रीनला कधीपासून येईल?"
"तो कशाला येईल?"
"तो आता आपला ना! मी त्याला बाप्तिस्मा दिला. तो मरत होता तेव्हा. तांब्यातलं पाणी घेतलं."
शब्द म्हणून दाखवले. एकही चुकला नाही. ते मीच शिकवले होते, नाताळच्या आधी, बाहुलीच्या डोक्यावर पाणी ओतून. मरणाच्या दारातल्या बाळाला कुणीही देऊ शकतं, लहान मुलानेसुद्धा. असं मीच म्हटलं होतं.
माझा हात उठला. ह्यांनी धरला. म्हणाले, "पोरीला मारू नकोस. तू शिकवलंस तेच तिनं केलंय."

२१ जाने., रविवार
फादरांना भेटले. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग एवढंच विचारलं, पाणी कपाळावरून वाहिलं का? शब्द नीट होते का? मी हो म्हटलं.
"मग तो ख्रिस्ताचा झाला, बाय. आता ते पुसता येत नाही."
"आणि त्याचे आईबाप?"
"त्यांच्या घरातून त्याला ओढायचं नाही. कुणाला बोलू नका. प्रार्थना करा, वाट बघा."
कसली वाट, ते विचारायचं राहिलं.

२ फेब्रुवारी
मेणबत्त्यांचा सण. आशीर्वाद दिलेली मेणबत्ती घेऊन फिलू घरी आली ती थेट खिंडीकडे. हाताला धरून मागे आणली. ओठ चावत उभी राहिली. "मग त्याला कोण शिकवणार? तूच म्हणतेस, बाप्तिस्मा देऊन सोडून देणं म्हणजे रोप लावून पाणी न घालणं."
माझेच बोल. जिकडे जावं तिकडे माझेच बोल पुढ्यात येतात.
वहिनीशी बोलताना नजर वर होत नाही. ती केशवला माझ्या कडेवर देते. तो माझ्या गळ्यातला क्रूस तोंडात घालतो. मी काढून घेते, तो पुन्हा धरतो.

१४ फेब्रु.
राखेचा बुधवार. कपाळावर राख घेऊन आले. आजपासून उपास. फिलूने गूळ सोडला, आपण होऊन. कुणासाठी ते सांगितलं नाही. मला कळलं.

२४ फेब्रु.
व्हायचं ते झालं.
सासू, वहिनी, भावकीतल्या बायका, सगळ्या केशवला घेऊन भगवतीला निघाल्या होत्या. जावळाचा नवस फेडायला. नवीन झबलं, डोळ्यांत काजळ. मी मासळी धूत होते. फिलू कधी खिंडीतून गेली, दिसलं नाही. एकदम तिचा आवाज:
"त्याला तिकडे नेऊ नका! तो आमचा झालाय! मी त्याला पाणी घातलंय!"
बायका हसल्या आधी. सासूने विचारलं, कसला पानी गो? फिलूने सांगितलं. नीट, पहिल्यापासून. दोत्रीनला उभी राहून सांगते तसं.
मी पोचले तेव्हा कुणीच हसत नव्हतं. वहिनी माझ्याकडे बघत होती. "तुमाला ठावं व्हता?"
मी होय म्हटलं.
तिने पोराला माझ्या बाजूच्या खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं.  देवीला गेल्या त्या.

२६ फेब्रु.
सकाळी दारावर शेण फासलेलं. ह्यांनी धुतलं, कामावर गेले. संध्याकाळी सांगितलं, बंदरावर सगळ्यांना कळलंय. कुणी म्हणतं, पाद्र्याने पोरीला पढवून पाठवलं. जातीचे पंच बसणार आहेत. वहिनीच्या घरचं पाणी तोवर जातीतलं कुणी घेणार नाही.
फिलूला ताप आलाय. थोडासाच.

४ मार्च, रविवार
वामनभावोजी परत आले. आज त्यांच्या अंगणात होम होता. भटजींनी केशवला पंचगव्य चाटवलं, डोक्यावर गंगेचं पाणी शिंपडलं. पंच समोर बसलेले. धूर आमच्या पडवीपर्यंत आला.
फिलू खिडकीतून बघत होती. "माय, आता ते उतरलं का?"
"नाही."
"मग ते उगीच करतात?"
"त्यांना जातीत राहायचंय, बाळा."
"आणि केशव? तो कुठे राहायचा?"
मी तिला खिडकीतून ओढलं, तांदूळ निवडायला बसवलं.

५ मार्च
भावोजी दाराशी आले, आत आले नाहीत. हे बाहेर गेले. मी दाराआडून ऐकलं.
"दादा, पोरीवर माझा राग नाय. पोर ती. पन तुमच्या घरात हेच शिकवतात, तर मला जपायला होवा."
हे म्हणाले, "वामनराव, तिला वाटलं पोर चाललं. तिनं तिच्याकडचं सगळ्यात मोठं होतं ते दिलं."
भावोजींनी मुंडासं सोडून पुन्हा बांधलं. मग म्हणाले, "असंल. पन आमी मागितला नव्हता."
दुपारी त्यांनी चिरे आणून गडग्याची खिंड बुजवली. हे मदतीला गेले. दोघे एकमेकांना चिरे देत होते.

११ मार्च, रविवार
दोत्रीनला निम्मी मुलं. आयांना भीती वाटते. मिसानंतर एक जण मला ऐकू जाईल असं म्हणाली, "घरात इतका धर्म बरा नव्हे." आणि दुसरी पायरीवर माझा हात धरून म्हणाली, "तुझी पोर धन्य." दोघींचाही राग आला.
विहिरीवर वहिनी मी गेल्यावर येते. किंवा मी ती गेल्यावर.

१९ मार्च
आज विहिरीवर होती. थांबली होती, माझ्यासाठी. वाळलीय केवढी. घागर भरलेली, तरी उचलत नव्हती.
"एक विचारू? खरा सांगाल?"
"विचार."
"केशव त्या दिवशी गेला असता, तर तुमच्या पोरीच्या पान्यानं कुटं गेला असता?"
"स्वर्गात."
"तुमचा मिंगेल हाय थयंच?"
"हो."
ती विहिरीत बघत राहिली. मग: "माजी आदली दोन? त्यांना कुनी पानी नाय घातला. ती कुटं हायत?"
मला उत्तर पाठ आहे. मुलांकडून ते मी घोकून घेते. बाप्तिस्म्याशिवाय गेलेल्या बाळांना यातना नाहीत, पण देवाचं दर्शनही नाही. फिलूला विचारलं तर झोपेतही सांगेल.
मी म्हटलं, "मिंगेलजवळच आहेत. तिघं एकत्र."
"शपथ?"
"शपथ."
तिने पदराने तोंड पुसलं. घागर कंबरेवर घेतली आणि गेली. मी रहाट धरून उभी.

२२ मार्च
सासू गडग्यापलीकडून ऐकवत होती, मला की कोंबड्यांना कोण जाणे: सून आता जेवते, पोर झाल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवते.
ह्यांना विहिरीवरचं सांगितलं. म्हणाले, "बरं केलंस." मग: "फादरांना सांगावं लागेल पण."

२८ मार्च
उद्या पवित्र गुरुवार. पाश्काच्या सणाआधीचं कुमसार, पापांची कबुली, करायला गेले. इतर पापं सांगितली, मग हे. जाळीपलीकडे फादर ताठ झाले, आवाजावरून कळलं.
"तुम्हाला ठाऊक होतं का, बाय, ती कुठे आहेत?"
"नाही."
"मग शपथ घेऊन सांगितलंत?"
"हो."
"मलाही ठाऊक नाही. देव दयाळू आहे, एवढं ठाऊक आहे. तिला जाऊन तेवढंच सांगा. की मला ठाऊक नाही, देव दयाळू आहे. फार नाही मागत मी."
"ते नाही जमणार, फादर."
"खोट्या शपथेचं दुःख वाटतं ना तुम्हाला?"
मी शोधलं, अगदी मनापासून शोधलं. दुःख सापडेना. तसंच सांगितलं.
 म्हातारा माणूस, श्वास लागलेला. "मग मी क्षमा कशी देऊ? माझ्या हातात नाही ती." मी उठले. मागून म्हणाले, "त्रैक्याच्या रविवारपर्यंत पाश्काच्या कुमसाराची मुदत असते, दोन महिने आहेत. मी आहे इथे."

१ एप्रिल, पाश्काचा रविवार
घंटा वाजल्या. सगळी फुलं नवी. फिलू पांढरं ओढणं घेऊन ह्यांच्यासोबत ख्रिस्तप्रसादाला पुढे गेली. क्षमेशिवाय पुढे जाता येत नाही, मी बाकावर राहिले. लग्नानंतर पहिल्यांदा. माझ्या बाकावरच्या बायका गुडघे आवरून माझ्यापुढून गेल्या, येताना खाली बघत आल्या. हे परत आले, माझ्या शेजारी गुडघ्यांवर बसले, आणि चेहरा हातांत घेतला तो मिसा संपेपर्यंत काढला नाही.
घरी फिलू जवळ आली. हळूच म्हणाली, "माय, तू सकाळी पाणी प्यालीस का? प्रसादाआधीचा उपास मोडला का?"
हो म्हणणं किती सोपं होतं. एक खोटं पुरे झालं.
"नाही गं. फादरांशी एक बोलणं राहिलंय."
"माझ्यामुळे?"
तिला जवळ घेतलं. सोडवेना. ती विचारत राहिली, माझ्यामुळे का, माझ्यामुळे का.

५ एप्रिल
हे आज चिडले. कधी चिडत नाहीत. "एक वाक्य तर बोलायचंय! 'मला ठाऊक नाही' एवढंच. आणि ते खरंच आहे."
खरं आहेच. तिला खिंडीतून हाक मारता आली असती तर कदाचित त्या ओघात बोललेही असते. आता ठरवून जायचं, घागर खाली ठेवायची, आणि सांगायचं?
पोरीला मी सगळं शिकवलं. खोटं बोलू नये, हेही.

८ एप्रिल, रविवार
मुलांना मीच घेतलं. बाप्तिस्म्याचा धडा आला होता. मी तो ओलांडून पुढचा सुरू केला. फिलू हात वर करून बसली होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.
फादर दारातून बघत होते.  जाताना माझ्यासाठी दार धरून उभे राहिले.

१२ एप्रिल
विहिरीवर वहिनी. आता रोज माझ्याच वेळेला येते. घरच्यांना माहीत असावं, कुणी अडवत नाही. केशव उभा राहतो म्हणाली, भिंतीला धरून.
मग त्या दोघांबद्दल बोलू लागली. इतकी वर्षं शेजारी आहे, नावंही माहीत नव्हती मला. मोठी शेवंती, धाकटा गोविंद. शेवंतीच्या पायाला सहा बोटं होती. गोविंदला पाळण्यापेक्षा सूप आवडायचं, सुपातच झोपायचा. बोलताना हात असे करून दाखवत होती, सूप हलवल्यासारखे.
आज मनाशी ठरवून गेले होते. फादरांचं वाक्य जिभेवर होतं.
तिने विचारलं, "थयं त्यांना भरवतो कोन ओ? गोविंद तर लई हळू पियाचा. कुनी घाई केली की रडायचा."
मी रहाटाचा दोर धरलेला. कळशी अर्ध्यात लोंबत होती.
"काय ओ, ठावं नाय तुमाला?"
म्हटलं, "वहिनी, उद्या सांगते."
"बरा," म्हणाली. "उद्या लवकर येते."