रेल सरकली तेव्हा

पंचवटी, नाशिक

प्रिय प्रतिभा,

हे पत्र एकटी असशील तेव्हाच वाच. सासूबाई जवळ असतील तर आत्ता बाजूला ठेव आणि दुपारी मागच्या अंगणात जाऊन बस. घाबरवण्यासाठी लिहीत नाहीये, असं लिहिणार होतो. पण मीच इतका घाबरलोय की ते खोटं ठरेल.

आधी कामाचं सांगतो. दिंडोरीच्या एका द्राक्षबागायतदारानं बैठकीत भिंतभर कपाट करायला दिलंय, वाइनच्या बाटल्या आडव्या ठेवायचं. अस्सल सागवान. उभ्या फळ्यांना खाचा पाडायच्या आणि आडव्या फळ्या त्यांत सरकवून बसवायच्या. एक खाच केसभर वाकडी गेली तरी सगळं कपाट तिरपं दिसतं. मागं तू वर्कशॉपमध्ये आली होतीस तेव्हा ‘हे काय मिक्सरसारखं?’ म्हणून विचारलं होतंस ना, तेच ते राउटर. खाली बोटाएवढं पातं, आणि ते इतक्या वेगानं फिरतं की दिसतच नाही. नुसत्या हातानं चालवलं तर लाकडाच्या रेषेबरोबर कुठंही ओढत नेतं. म्हणून फळीवर रेल, म्हणजे ॲल्युमिनियमची लांब पट्टी ठेवायची, दोन्ही टोकांना क्लॅम्पचे शिकंजे आवळायचे आणि राउटर त्या रेलला धरून पुढं ढकलत न्यायचं. रेल घट्ट असली की खाच सरळच येते. इतकी वर्षं मी त्या रेलच्या भरवशावर निर्धास्त होतो.

गणपती उठल्यावरची गोष्ट. सकाळचं ऊन वर्कशॉपच्या दारात होतं. माझा कारागीर सोमा, पेठकडचा, तू ओळखतेस त्याला, तो फळीच्या पलीकडच्या टोकाला उभा होता. मी डाव्या हातानं रेल दाबून धरली होती आणि उजव्यानं राउटर ढकलत होतो. निम्म्यावर आलो आणि पलीकडचा क्लॅम्प हादऱ्यानं ढिला झाला. मला ते दिसलं नाही. रेल हळूहळू फिरायला लागली, पातं खाच सोडून आडव्या लाकडात शिरलं. अशा वेळी मशीनचा आवाज बदलतो गं. बारीक शिट्टी वाजत असते ती एकदम जड होते, घरघरते. कुठल्याही सुताराचा हात तो आवाज ऐकून आपोआप थांबतो. माझा थांबला नाही. मी आणखी जोर दिला. राउटर उसळलं आणि रेलवरून माझ्या डाव्या हाताकडं आलं. सदऱ्याची बाही पात्यात गुंडाळली गेली. तेवढ्यात सगळं बंद पडलं. सोमानं भिंतीकडं झेप घेऊन बटण पाडलं होतं.

बाही मनगटापासून फाटली होती. हातावर एक लाल ओरखडा, बस. सप्तशृंगीनंच राखलं. मी खाली भुशातच बसलो. सोमा समोर येऊन उभा राहिला. म्हणाला, “भाऊ, मी केवढ्यानं वरडलो! थांबा थांबा म्हनून. शेजारच्या गॅरेजातली मान्सं पळत आली. तुमी वर बी पायलं नाय.” दारात खरंच तीन-चार माणसं उभी होती. प्रतिभा, मी त्यातलं एक अक्षर ऐकलं नव्हतं. कानावर काही चढवलेलंही नव्हतं त्या दिवशी.

घरी साधनानं फाटका सदरा पाहिला, तो खुंटीला अडकवला आणि ताटं वाढली. जेवताना म्हणाली, “मी वर्षभर म्हणतेय, तुम्हाला हाक मारली तर ऐकू येत नाही. तुम्ही म्हणता, मी पुटपुटते.” खरंय. मला वाटायचं सगळं जगच पुटपुटायला लागलंय. गिऱ्हाईक, भाजीवाली, देवळातले गुरुजी. दुसऱ्या दिवशी ती मला ओढतच कानाच्या डॉक्टरांकडं घेऊन गेली. मला वाटलं होतं, मशीनच्या आवाजानं झालं असेल. सुतारकामात होतं तसं. डॉक्टरीणबाईंनी काचेच्या खोलीत बसवलं, हातात बटण दिलं आणि आवाज आला की दाबा म्हणाल्या. मी वाट बघत बसलो. किती वेळ काहीच येईना. काचेपलीकडं साधनाचा चेहरा दिसत होता आणि तो पडत चालला होता, त्यावरून मला समजलं की आवाज येऊन जातायत.

तपासून झाल्यावर बाईंनी सांगितलं की हे नुसतं मशीनचं नाही. कानाच्या आत तांदळाच्या कणीएवढं एक हाड असतं, ते हलतं म्हणून आपल्याला ऐकू येतं. माझं ते हाड जाम होत चाललंय. मग त्यांनी विचारलं, “घरात आणखी कुणाला आहे का? वडिलांना?” मी नाही म्हणणार होतो, तेवढ्यात अण्णा डोळ्यांसमोर आले.

आपले अण्णा, प्रतिभा. झेंडूच्या पाट्या घेऊन फूलबाजारात बसायचे आणि लोक म्हणायचे लहानूशेठला फार माज, हाक मारली तरी बघत नाही. आई म्हणायची, यांचं घरात लक्ष नसतं. आणि ज्याच्याखाली अण्णा गेले तो टेम्पो. भाजीबाजाराच्या उतारावर त्यांच्या मागून येत होता, ड्रायव्हर सांगत होता की मी हॉर्न वाजवतच होतो. पोलिसांपासून सोयऱ्यांपर्यंत सगळे म्हणाले, म्हातारा तंद्रीत होता. आपणही तेच म्हटलं. अण्णा तंद्रीत नव्हते गं. त्यांच्यासाठी त्या रस्त्यावर आवाजच नव्हता.

माझं काय ते होईल. ऑपरेशन आहे, मशीनही आहे कानात घालायचं. बाई म्हणाल्या, वेळेत आलात. काम मी सुरू केलंय. आता रेलचे क्लॅम्प पुन्हा पुन्हा तपासतो. सोमा समोर उभा राहतो, त्यानं हात वर केला की मी थांबायचं असं ठरलंय. पण राउटरचं बटण दाबायची आता भीती वाटते. पातं फिरत असतं आणि मी लाकडाकडं न बघता सोमाच्या तोंडाकडं बघत असतो. रस्ता ओलांडायचीही भीती वाटते. साधनाचा हात धरून ओलांडतो, लोक हसतात.

एवढं सगळं तुला कळवायचं नव्हतं, निदान तुझं बाळंतपण होईपर्यंत तरी. पण डॉक्टरीणबाईंनी निघता निघता विचारलं, “बहीण आहे? तिला मुलं आहेत?” हे घराण्यात चालतं म्हणाल्या, आणि काही बायकांचं गरोदरपणात वाढतं. तेव्हापासून मला झोप नाही. तुझा स्वराज तान्हा होता तेव्हा तो रडला की रोहितराव उठायचे आणि तू झोपलेलीच असायचीस. आपण सगळे तुला कुंभकर्ण म्हणून चिडवायचो. तू त्या वणी-दिंडोरी रस्त्यानं शाळेत शिकवायला स्कूटीवर जातेस, मागं उसाच्या नि द्राक्षांच्या गाड्या असतात. म्हणून मी परवा तुझ्या डोहाळजेवणाला लवकर आलो. बायका आत ओटी भरायची तयारी करत होत्या आणि तू अंगणात एकटीच गजरा माळत होतीस, माझ्याकडं पाठ करून. मी तुझ्यापासून चार हातांवर उभा राहिलो आणि हाक मारली. मग पुन्हा मारली, मोठ्यानं. आतून साधना बाहेर आली, सासूबाईंनी खिडकीतून पाहिलं, पलीकडच्या ओट्यावरच्या पोरानंही मान वळवली. तू वळली नाहीस. गजरा नीट केलास, सावकाश मागं फिरलीस आणि मला बघून दचकलीस. म्हणालीस, “अगंबाई दादा, तू कधी आलास?” मी हसलो, तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि घराच्या मागं जाऊन रडलो. सोमा सप्तशृंगीच्या गडावर निघालाय, वाटेत तुझ्याकडं थांबेल, त्याच्या हाती हे पत्र देतोय. उद्यापासून स्कूटी बंद कर. गुरुवारी मी गाडी घेऊन येतोय, रोहितरावांना सुट्टी काढायला सांग. माझी डॉक्टरीण तुलाही तपासेल. नाही म्हणू नकोस. बाळ यायच्या आत आपल्याला हे कळलंच पाहिजे.

तुझाच,
दादा