मीटरवरच्या निळ्या कांड्या

१६ एप्रिल
आले बाई एकदाची! खोली माझी, कुलूप माझं, चहात साखर किती तेही माझ्याच मनावर. बायकांना मदत करणाऱ्या संस्थेच्या ताईंनी सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायचं काम मिळवून दिलं. सकाळची पाळी, एकला सुटका. तिकडे सासरी, केम गावात, ऋतुराजला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, वाटतंय मी पुण्याला पळाले. वाटू दे. त्यानं मोडलेलं मनगट आता बऱ्यापैकी वळतं. ताईंनी सांगितल्याप्रमाणे सिम बदललं, लोकेशन बंद केलं. घरमालकीण नीलम्मा खाली राहतात. मराठीत कन्नड कालवून बोलतात, मला ‘तंगी’ म्हणतात, म्हणजे धाकटी बहीण. आज किती दिवसांनी पोटभर जेवले.

२१ एप्रिल
इथं नळाला पाचव्या दिवशी पाणी. दुपारी दोनला सुटतं आणि अख्खी गल्ली मोटारी लावते, नुसता घरघराट! माझ्या खोलीला मोटार वेगळी, मीटरही वेगळा, नव्या पद्धतीचा. नीलम्मांनी अ‍ॅप घ्यायला लावलं. अर्ध्या अर्ध्या तासाची वीज दिसती, लई भारी हाय, म्हणाल्या. नोंदणीचा फॉर्म लांबलचक होता. खाली ‘फोनमधील खात्याने पुढे जा’ असं होतं, ते दाबलं. झालं की! आता पडद्यावर निळ्या कांड्या दिसतात, कारखान्यातल्यासारख्याच. पंख्याची बुटकी, गिझरची आणि मोटारीची ताडमाड. नाव नाही, पत्ता नाही. नुसत्या आकड्यांवरून कुणाला काय कळणार?

२७ एप्रिल
फोनवर रिमाइंडर वाजला. ‘आज गिझर उशिरा लावला.’ मी असलं काही लावून ठेवलेलं नाही. गिझर मात्र खरंच उशिरा लावला होता, रविवार म्हणून. अ‍ॅपचाच काहीतरी शहाणपणा असेल.

२८ एप्रिल
परत रिमाइंडर. ‘काल दिवसभर पंखा. एकटीच हाईस न्हवं?’

अ‍ॅप असं बोलत नाही. ताईंना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, फोनमधलं खातं कुणाचं आहे. हा फोन लग्नात ऋतुराजनं घेऊन दिला. खातं त्यानंच उघडलं, त्याच्या नंबरवर. पासवर्ड मला माहीत नाही, आमच्याकडे बायका विचारतही नाहीत. मी सिम बदललं आणि खातं तेच ठेवलं. माझ्या कांड्या त्याच्या फोनवर दिसतात, आणि त्यानं लिहिलेले रिमाइंडर माझ्या फोनवर वाजतात. मूर्ख आहे मी, शुद्ध मूर्ख.

३० एप्रिल
अ‍ॅप काढून टाकलं. माझ्या फोनमधून गेलं, त्याच्या नाही. ‘पाचव्या दिशी मोटार. म्हंजे सोलापूरच की. दोनला पानी कुटं सुटतं, इचारतो.’



२ मे
काल पाणी आलं. मोटार लावलीच नाही. नीलम्मांच्या नळावरून बादल्या वाहिल्या. मनगट ठणकतंय.
‘काल मोटार न्हाय. भ्यालीस व्हय?’

५ मे
‘दोनला पानी येनाऱ्या दोनच गल्ल्या हायत.’
ताई परवा सकाळी गाडी घेऊन येणार. उद्याचा एकच दिवस काढायचा, म्हणाल्या. नीलम्मा अक्कलकोटला लग्नाला गेल्या. घरात मी एकटी. भीती वाटते, खूप भीती वाटते.

६ मे, दुपारी दीड
कामावर गेले नाही. कडी लावून बसले आहे. पंखा बंद, फ्रिज बंद, सगळं बंद. कांडी उठलीच नाही तर त्याला वाटेल खोली रिकामी आहे. वाटेल ना? घाम वहीवर पडतोय.

पावणेदोन
अ‍ॅप परत घेतलं. ‘खातं बंद करा’ दाबलं. म्हणे नोंदवलेल्या नंबरवर कोड पाठवलाय.
त्याच्या नंबरवर.

दोन वाजून पाच
पाणी आलं. गल्लीत मोटारी सुरू— सगळ्यांच्या—

रिमाइंडर. ‘कोड ४०७१. टाक, कर बंद. मला आता मीटर नको. गल्लीत हुबा हाय. येकच घर गप हाय.’

नीलम्मांची मोटार बंद. माझी बंद. आमचंच घर—

लावू मोटार? लावली तर त्याला दिसेल— नाही लावली तर—

फाटक वाजलं. कडी लावलीये, मी कडी लाव