वल्ह्याचं माप

प्रिय बालाजीदादा,

आधीच सांगते, शुद्धलेखनाला हसू नको. मोबाइलवर एका बोटानं लिहायलेय, काल दुपारपासून बसलेय. नववीत शाळा सुटली, तवाच बाई म्हणायच्या, ही पोरगी वहीत बी हळूच बोलती. फोनवर तू ‘हॅलो’ म्हणलास का माझ्या तोंडातून शब्द फुटत न्हाय. म्हणून हे.

तू कोलाडला राफ्टिंगच्या कामाला निघालास त्या दिवशीचं मला अजून ऐकू येतं. आप्पा म्हणले, “सुताराचं पोर रबरी फुग्यात बसून लोकांला नदी दाखवणार व्हय?” आन तू म्हणलास, “तुमच्या बैलगाड्या आता घेतंय कोण?” दोन वर्षं झाली, आप्पांनी तुझं नाव घेतलं न्हाय. तू व्हिडिओ पाठवतोस त्यात सगळ्यांची हेल्मेटं सारखी. मी मानेवरून ओळखते, तुझी मान जरा डावीकडं असती. ओळखून झालं का परत पहिल्यापासून लावते.

गेल्या उन्हाळ्यात तू त्या लाकडी डोरीचा व्हिडिओ टाकला होतास. परदेशातली नाव, बूड सपाट, दोन्ही टोकं वर उचललेली, खळाळत्या पाण्यात लाटेवर चढायची नि उतरायची. खाली लिहिलं होतंस, अशी एक आपली पाहिजे. तू विसरला असशील. म्या करायला घेतली. कल्याणप्पाकाका रोज छपरापाशी थांबून विचारतेत, “पोरी, ही नाव हाय का म्हशीची गव्हाण?” मी खाली मान घालून रंधा मारते. मागं तर म्हणले, पाण्यात न्हाय टिकली तर मलाच दे, कडबा टाकाया बरी.

पहिली आंब्याची फळी वाकवताना कडाडून मोडली. दुसरी बी. मी लई रडले, भुसा डोळ्यात गेला म्हणून सांगितलं. आप्पा पाठमोरे बसून वखराचा दांडा तासत होते. तसेच म्हणले, “कोरडी फळी कशी वळंल? भिजव आन आठ दिवस उकिरड्यात पूर.” शेणाच्या उबेत फळी मऊ पडली, दादा. वास असला मारत होती, पण वाकली! तवापास्नं मी जेवायला घरात गेले का आप्पा नावेपाशी जातेत. मी आले का पटाशी धुंडायल्यासारखं करतेत. सांधे म्या कापसानं नि डांबरानं भरले, दुसऱ्या दिवशी बघते तर कडा एकसारख्या घासलेल्या.

परवा कल्याणप्पाकाकांच्या गाडीत घालून धरणाच्या पाण्यात सोडली. थेंबभर गळली न्हाय. पण पाणी गप, ती बी गप, नुसती उभी. खळाळतं पाणी सगळं तुझ्याकडं.

आता वल्ही ऱ्हायलीत. म्या विचारलं, किती लांब करायची? आप्पा म्हणले, “बैल बघितल्याबिगर आपण कधी जू केलंय का? वल्हवणाऱ्याचा हात पाहिजे, बसल्यावर गुडघा कुठं येतो ते पाहिजे.” म्या माझा हात पुढं केला. त्यांनी तो धरून हळूच खाली केला. म्हणले, “तुझा न्हाय. बालाजीचा.” दादा, दोन वर्षांनी! मग उगंच खोकले आन म्हणले, “विचार त्याला माप.” त्यांना वाटतंय मी मापासाठी लिहायलेय. तू माप पाठवू नको. पाठवलंस तर ते वल्ही करून मोकळे व्हतील. सागाचे दोन वासे भिंतीला लावून ठेवलेत त्यांनी, कापले न्हायत अजून. तू ये आन नावेत बस, त्यांना हातानं मोजू दे.

तुझीच,
न बोलणारी हर्षाली

आन हां, मल्लम्मामावशीचा कोंबडा काल उमरग्याच्या एसटीत चढून गेला. आज सकाळी कंडक्टरनं आणून सोडला.