गोधडीतली जांभळी ओढणी

मंगळवार, रात्र

आईच्या जुन्या गोधडीचा काठ आज पुरा करायचाच होता. फाटका कोपरा उसवला, तर आतल्या थरात ताईची जांभळी ओढणी. रिसोडच्या बाजारातून हौसेने आणलेली. तीच, इस्त्रीच्या डागाची! तो मीच पाडला होता. त्यावरून ताईने माझ्याशी अबोला धरला, आणि त्याच आठवड्यात ती तापाने गेली.

आई तर म्हणाली होती, तिचे सगळे कपडे नदीत सोडले.

शेजारच्या शांतामावशी दचकल्याच. "मेलेल्या माणसाचा कपडा गोधडीत घालत नाहीत बाई. काहून ठेवून राह्यली? काढून टाक."

कात्री घेतली. बोट डागावर गेलं. ताई गेल्यावर मी एकटी झोपायला भ्यायचे, तेव्हा आई हीच गोधडी माझ्यावर घालून म्हणायची, "एकटी कुठी हायेस तू? झोप." मला ती नुसती समजूत वाटायची.

डाग आत घेऊन कोपरा शिवून टाकला. काठही झाला. मावशींना काय सांगू?

आत्ता अंथरूण घातलं. ताई भिंतीकडे झोपायची. पाहते तर तेवढी जागा मी मोकळीच सोडलीय.

तिचा राग गेला असेल का?