जीभ कोरडी करणारी गोळी

मुन्शी घाटाजवळ, वाराणसी
१२ नोव्हेंबर १९९४

ती. मृणालिनीवहिनींस कालिंदीचा सा. न.

तुमची कंबर आणि दादांचा पारा, दोन्ही थंडीआधी उतरले असतील अशी आशा आहे. माझं विचाराल तर मी जिंकून अंथरुणावर पडले आहे.

झालं असं, की सुश्रुतने (आपल्या आनंदीचा मुलगा, डॉक्टर झाला आणि मराठी विसरला) मला बीपीची नवी गोळी दिली. ती हृदयावर नाही, मेंदूवर काम करते म्हणे. पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या मेंदूत तुला काय दुरुस्त करायचंय, असं मी विचारलं. तर म्हणतो, "मावशी, दिमाग में रिसेप्टर होते हैं. गोळी तिथे बसली की मेंदू नसांना सांगतो, आराम से. बस, प्रेशर उतरतं." उतरलं खरं. पण तोंडाला कोरड पडली आणि दिवसभर डोळ्यांवर झापड. दूधवाल्याने निम्मं पाणी घातलेलं दूध दिलं आणि मी नुसतं 'बरं' म्हटलं. तो बिचारा घाबरून तब्येत विचारायला परत आला.

नेमकी त्याच आठवड्यात इथल्या मराठी मंडळाची सभा. आपले अध्यक्ष ढुंढिराज यांना वाचनालयाची खोली एका साडीवाल्याला गोदामासाठी द्यायची होती. चार पिढ्यांनी जमवलेली मराठी पुस्तकं त्यांच्या गच्चीवर, म्हणजे माकडांच्या हवाली. अशा सभेला कोरडी जीभ घेऊन जायचं? मी दोन दिवस गोळी बंद ठेवली. (सुश्रुतला विचारलं नाही. तो नको म्हणाला असता.)

जीभ परत आली, वहिनी. चाळीस मिनिटं बोलले. ढुंढिराज शेवटपर्यंत मान खाली घालून बसले. ठराव बारगळला, टाळ्या पडल्या, मी खाली बसले आणि खोली फिरू लागली. प्रेशर दोनशे वीस. सुश्रुतने आधी गोळी दिली, मग शिव्या. त्याही अस्सल मराठीत. ही गोळी एकदम सोडली की गप्प बसवलेल्या साऱ्या नसा एकदम उसळतात म्हणे. हे मला लगेच पटलं. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर वर्गाबाहेर गेल्या की आम्ही मुली तेच करायचो.

पण खोली वाचली. आज सकाळी पडल्या पडल्या दूधवाल्याचाही हिशेब चुकता केला. मला फार बरं वाटतंय.

लोभ वाढवा, प्रेशर नको.

तुमची
कालिंदी

ता. क. आत्ताच ढुंढिराजांच्या विद्युल्लतावहिनी येऊन गेल्या. त्यांच्या यजमानांनाही सुश्रुतने हीच गोळी दिली आहे, आणि त्या ती एक दिवस चुकू देत नाहीत. म्हणजे ते लाजेने मान खाली घालून बसले नव्हते. झोपले होते.

आणखी एक. ठराव सत्तावीस तारखेला पुन्हा येणार आहे. सुश्रुत त्यांची गोळी हळूहळू बदलतो आहे, म्हणजे या वेळी ते जागे असतील, आणि मला महिनाभर सभेत उभं राहायची बंदी. दादांशी चाळीस वर्षं भांडून तुम्ही एकदाही हरलेल्या नाहीत. तेव्हा तुम्ही या. तुमची बीपीची गोळी जीभ कोरडी करणारी असेल तर डॉक्टरांना आजच विचारा. एकदम सोडू नका. अजून पंधरा दिवस आहेत.