गोठलेल्या ठेवींची शेवटची व्यवस्था

मी, मुकुंद विश्वनाथ आठल्ये, वय वर्षे सत्तावन्न, मूळचा वाईचा, गेली बावीस वर्षे बैरूतच्या बुर्ज हम्मूद भागात राहून मराठी वर्तमानपत्रांना बातमीपत्रे पाठवणारा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. गुरुवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. पैशांच्या बाबतीत ती कधी शाबूत होती का, हे मी त्यांना विचारलेले नाही.

१. घर भाड्याचे आहे. दोन बॅटऱ्या मात्र माझ्या. त्या इमारतीला द्याव्यात आणि जिन्यातला दिवा त्यांवर लावावा. सरकारी वीज येईपर्यंत कुणी पाय मोडून घेऊ नये.

२. पुस्तके वाईच्या पाठशाळेला, जिथे मी शब्दरूपे घोकली. त्यांत मंदीवरची आणि बुडालेल्या बँकांवरची एकेचाळीस आहेत. आर्जेन्टिनात बँकांनी लोकांचे पैसे अडवले, त्या पानाच्या समासात मी शाईने ‘इथेही?’ असे लिहिले आहे. तारीख ऑगस्ट २०१९. ही टीप पाहून कुणी माझ्याबद्दल चांगले मत करून घेऊ नये. आधी चौथे कलम वाचावे.

३. बँकेत माझे चौसष्ट हजार डॉलर आहेत. आहेत म्हणजे कागदावर. कारण थोडक्यात सांगतो, कारण विस्ताराने सांगून मी थकलो आहे. देशाला गव्हापासून इंधनापर्यंत सगळे बाहेरून आणायला डॉलर हवेत. इथल्या चलनाचा, लिऱ्याचा, डॉलरमधला भाव बावीस वर्षे एकाच खुंटीला बांधलेला, तो तिथे टिकवायलाही डॉलर हवेत. म्हणून मध्यवर्ती बँकेने बँकांना भरमसाट व्याज दिले, बँकांनी ते आम्हाला दाखवले, आणि जुन्यांचे व्याज नव्यांच्या ठेवींतून भागत राहिले. नवे यायचे थांबले तेव्हा बँकांनी दारे लावून घेतली. मग उपाय सुरू झाले, म्हणजे परिपत्रके. एका शब्दाच्या सात विभक्ती मी लहानपणी पाठ केल्या होत्या. इथे म्हातारपणाच्या तोंडावर एका डॉलरचे एका दिवसातले चार भाव पाठ करावे लागले. तोटा कुणी सोसायचा हे एकाही परिपत्रकात लिहिले नाही, तेव्हा तो आपोआप ठेवीदारांनी सोसला.

ही ठेव मी बँकेच्या संचालकांनाच देतो. अट एकच: त्यांनी ती खिडकीसमोरच्या रांगेत स्वतः उभे राहून, आम्हाला मिळते तशी, महिन्याला चारशे डॉलर, अशी काढावी.

४. मादाम आराक्सी दमर्जियान माझ्या खालच्या मजल्यावर राहतात, शिवणकाम करतात. सप्टेंबर २०१९ मध्ये त्या कॉफीची किटली घेऊन वर आल्या.

“उस्ताद, तुम्ही या भानगडींवरच लिहिता ना? मग सांगा, माझे एकतीस हजार काढून आणू का? ह्यांच्या चपलांच्या कारखान्याचे आहेत. उद्या जायचं म्हणतेय.”

“मुदत कधी संपते?”

“डिसेंबरात.”

“मग तीन महिन्यांसाठी व्याज कशाला घालवता?”

“नक्की?”

“मादाम, माझेही तिथेच आहेत.”

एकेचाळीस पुस्तकांतले एकही त्या वेळी मला आठवले नाही. माझे पैसे तिथे होते, म्हणून ती जागा सुरक्षित आहे असे मानणे मला सोयीचे होते. ऑक्टोबरात बँका बंद झाल्या.

त्या एकाहत्तर वर्षांच्या आहेत आणि अजून रोज मशीनवर बसतात. मुलगा मार्सेयहून फोनवर सुनावतो, “आई, व्याजाची हाव नडली तुला.” त्या माझे नाव सांगत नाहीत. जिन्यात भेटलो की फक्त म्हणतात, “काय उस्ताद, आज डॉलरची तब्येत कशी आहे?”

दोनदा मी त्यांना पाकीट दिले. दोन्ही वेळा ते माझ्याच दाराच्या मुठीला लटकलेले सापडले. मेलेल्याला परत करता येत नाही, म्हणून हे कलम: माझ्या पेटीतले रोख एकोणीस हजार डॉलर मादाम आराक्सींना मिळावेत. ही मेहेरबानी नव्हे. माझ्या सल्ल्याचा दंड आहे.

५. (आज, वकिलांच्या समक्ष, नंतर जोडलेले.) वकील नजीब शलहूब यांनी मादामना बोलावून वरील मजकुराचा मी केलेला अरबी तर्जुमा वाचून दाखवला.

“दंड?” त्या म्हणाल्या. “आणि मुलाला काय सांगू? वरचा म्हातारा मला पैसे ठेवून गेला? तो भलतंच काहीतरी समजेल.”

“मग तुम्हाला काय हवंय?” मी विचारले.

“मी काढायला निघाले होते आणि तुम्ही थांबवलंत. तसं लिहिलंय ना? त्याच्याखाली साक्षीदार म्हणून सही मी करणार.”

नजीब म्हणाले, “मादाम, साक्षीदाराला याच कागदातून काही घेता येत नाही. सही केलीत की एकोणीस हजार गेले.”

“पेन दे, नजीब.”

“उद्यापर्यंत थांबा, मादाम,” मी म्हणालो. “नीट विचार करा.”

त्यांनी चष्मा चढवला. “उस्ताद, पुन्हा थांबू?”

मी कागद त्यांच्यापुढे सरकवला. सबब चौथ्या कलमातला पैसा रद्द, हकिगत कायम. रोख रक्कम माझी बहीण सुलभा हिला मिळावी. तिने ती कुठल्याही बँकेत ठेवण्याआधी माझ्याखेरीज कुणालाही विचारावे. चौथ्या कलमाची फ्रेंच प्रत मादामच्या मुलाला पाठवावी. त्यासाठी माझ्या मरणाची वाट पाहू नये. ती उद्या सकाळी टपालात पडावी.

साक्षीदार:
१. आराक्सी दमर्जियान, शिवणकाम, दुसरा मजला (सही आर्मेनियन लिपीत)
२. ओहान्नेस बेदोयान, घड्याळजी, चौथा मजला

लिहून देणार: मुकुंद विश्वनाथ आठल्ये
बुर्ज हम्मूद, बैरूत. मंगळवार, १४ मार्च २०२३.