बांबू फुलला त्या वर्षीचे शेअर

भाऊ,

माझ्या मुलांना अजून गंमत वाटते की मी वडिलांना भाऊ म्हणायची. आपल्या चांद्याला तसंच होतं, एवढंच मी सांगते. आज सकाळी पेपरातलं शेअरच्या भावांचं पान उघडलं आणि तुमचा अंगठा डोळ्यांपुढे आला. रकान्यावरून तुम्ही तो हळूहळू खाली सरकवत यायचे. तो एका जागी थांबला की चुलीपुढे बसलेल्या मायचा हातही थांबायचा. तिला आकडे वाचता येत नव्हते, पण तुमचा श्वास कळायचा.

पन्नासच्या दशकाची ती शेवटशेवटची वर्षं. तुम्ही शाळेत गणित शिकवायचे आणि मॅट्रिक झाल्यावर मला नागपूरला कॉलेजात घालायचं, हे तुम्ही सगळ्यांना सांगून ठेवलेलं. मुलीसाठी असं बोलणारे आपल्या गल्लीत तुम्ही एकटेच. त्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे तुम्ही लांबच्या एका कागदगिरणीच्या शेअरात घातले, कारण पोस्टात ठेवून ते वाढले नसते. पहिलं वर्षभर ते वाढलेही. माय शेजारणीला सांगायची, "हिच्या बापानं हिचं कॉलेज कागदात बांधून ठेवलं, आता पाणी लागू नये म्हंजे झालं." मग नवे कर येणार अशा बातम्या आल्या आणि बाजार घसरू लागला. नागपूरच्या दलालाचं कार्ड आलं, काढून टाका. तुम्ही काढले नाहीत.

तुमचं म्हणणं होतं की आपल्याकडे पेपर शिळा येतो, पण स्टेशनचं यार्ड ताजं असतं. त्या गिरणीचा बांबू आपल्याच जंगलातून जायचा. रविवारी तुम्ही मला यार्डात न्यायचे. बांबूच्या थप्प्या डब्यांपेक्षा उंच, हमाल घामानं निथळतायत, ओल्या बांबूचा गोडसर वास. "पाह्य," तुम्ही म्हणता, "गिरणी बुडून राह्यली असती तर इतका माल कोण उचलला असता? मुंबईवाल्यांनी हे कधी पाह्यलं का?" मला ते अगदी पटलं होतं. पठाणपुरा दरवाजाजवळच्या कापडवाल्या चाचांनाही पटलं. तुमचे ते जिवलग मित्र. म्हणाले, "मास्तर, तुम्ही थांबले तर मी बी घेतो. सस्तं आहे तोवर." त्यांचे मेहुणे सोमवारी संध्याकाळच्या गाडीनं रोकड घेऊन नागपूरला दलालाकडे जाणार, असं ठरलं.

त्या सोमवारच्या आदल्या दिवशी आपण पोंभुर्ण्याकडे मामाच्या गावी बारशाला गेलो. मायला तिथेच काही दिवस राहायचं होतं. सोमवारी निघायच्या आधी तुम्ही अंगणात दात घासत होते आणि मामी सुपात काहीतरी पाखडत होती.

"कोणतं धान हे?" तुम्ही सहज विचारलं.

"धान नाई भाऊजी, बांबूचे दाणे. औंदा सारं बन फुललं. शिजवून पाहा, गोड लागते."

"बांबू फुलते?"

"जल्मात एकदा फुलते. फुलला का मेला. आता ही माझी पोरगी सासरी जाईल तवा कुठी नवा उभा राहीन."

"मंग तोडून काऊन राह्यले इतका?"

"सडाच्या आधी काढून राह्यले नं! उभा ठेवून काय करतीन?"

मामी हसत होती, तिला फुकटचं धान्य मिळालं होतं. तुम्ही तोंड न धुताच गावाबाहेर गेले, मी मागे. बेटामागून बेट पिवळं पडलेलं, पानं झडलेली, शेंड्यांना तुसासारखे झुबके. यार्डात येणारा बांबू फांद्या आणि शेंडे छाटूनच यायचा, त्यामुळे फुलोरा आपल्याला कधी दिसलाच नव्हता. तुम्ही एक झुबका हातात चुरडला. भरभराट म्हणून जे आपण पाहत होतो ते जंगलाचं शेवटचं पीक होतं, आणि पुढं त्या गिरणीला बांबू कुठून मिळणार, हे मला तुमच्या चेहऱ्यावरून कळलं. माझं नागपूर त्या झुबक्याबरोबर जमिनीवर पडतंय, हेही.

परतीची मोटार रस्त्यात एकदा बंद पडली. तुम्ही ड्रायव्हरच्या डोक्यावर उभे. जटपुरा दरवाजाशी उतरलो तेव्हा ऊन कलतं झालेलं. तारेचं ऑफिस तिथून दिसत होतं, उघडं होतं. विकायची तार करायला कितीसा वेळ लागला असता? पण आत माणसांची रांग होती, आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला चाचांचे मेहुणे स्टेशनला निघायच्या बेतात असणार. तुम्ही रांगेकडे पाहिलं, सूर्याकडे पाहिलं आणि वळले.

"भाऊ, आपली तार?"

"चूप राय. पाय उचल."

इतक्या कडक आवाजात तुम्ही माझ्याशी कधी बोलले नव्हते. मी पळत होते आणि मागं वळून ऑफिसचं दार पाहत होते.

मेहुणे टांग्यात बसलेले. तुम्ही सरळ लगामच धरला. टांगेवाला ओरडला, "ओ मास्तर, सोडा, घोडा चावते माझा!" चाचा दुकानातून धावत आले.

"अरे, झालं काय? बैठो पहले, पाणी घ्या."

"पैसे पाठवू नका. बांबू फुलला."

"फुलला तर अच्छाच हाय नं?"

"फुलला म्हंजे मेला. मी चुकलो."

 चाचा मेहुण्यांना म्हणाले, "उतर." आणि तुम्हाला विचारलं, "तुमचे विकले?"

"नाई अजून."

"मंग पहले इकडं काऊन आले?"

 तुम्ही पाणी प्यायले आणि आल्या पावली वळले. आपण परत आलो तेव्हा तारेच्या ऑफिसला कुलूप होतं.

दुसऱ्या दिवशी तार गेली. उत्तर आलं, घेणारा नाही. मग रोज भाव खाली, आणि दलाल मिळेल त्या भावाला विकेपर्यंत कॉलेजचं वर्ष सुरू झालं होतं. माय परतल्यावर भाकरी थापता थापता म्हणाली, "आपलं घर पेटलं होतं अन् तुम्ही दुसऱ्याच्या घरावर पाणी मारत होते. पोरीले काय सांगू?" तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्यानं माह्या शब्दावर पैसे काढले होते. आपले म्या माह्या हातानं टाकले." चाचा मला नागपूरला पाठवायचा खर्च घेऊन आले, तोही तुम्ही घेतला नाही. मी गावातच मास्तरणीचं शिक्षण घेतलं. बरीच वर्षं मी तुमच्याशी कामापुरतंच बोलले, आणि तुम्ही ते चालवून घेतलं.

नागपूरला मी लग्न होऊन आले. शाळेत शिकवते. पगारातून थोडे शेअर घेतले, आणि बाजार पुन्हा तसाच हेलकावे खातोय. आमच्या शाळेतली एक तरुण शिक्षिका, नवरा नसलेली, माझं बघून तिनंही तेच घेतले. "बाई, तुम्हाले कळते यातलं," म्हणाली. परवा दलालानं मला बाजूला घेऊन सांगितलं, निघा यातून. माझे मी काल विकले.

तिचं घर दोन गल्ल्या टाकून आहे. सकाळपासून मी हे लिहीत बसले आहे, भाऊ, आणि अजून तिच्याकडे गेलेले नाही.